बावडीपासून खाडीपर्यंत

ठाण्याच्या बसमध्ये कंडक्टर 'माजिवडा, कापूरबावडी' ही दोन नावे एका दमात पुकारतो. दोन्ही नाके एकमेकांना चिकटलेले. त्यातल्या दुसऱ्या नावात बावडी आहे, म्हणजे विहीर. आज तिथे उड्डाणपूल आहेत, मेट्रोचे खांब आहेत, एक रस्ता घोडबंदरकडे, एक नाशिककडे आणि एक बाळकुम-कशेळीवरून भिवंडीकडे फुटतो. एप्रिल उजाडला की या तिन्ही रस्त्यांवर पाण्याचे टँकर धावू लागतात. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या संकुलांना टँकरचे बिल नवे नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यावर वाद होतात, बोअर आणखी खोल न्यायची की नाही यावर मतदान होते, आणि खोल नेलेल्या बोअरचे पाणी मचूळ लागते अशी तक्रार पुढच्या सभेत येते.

हे सारे अशा गावात, जिथे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साधा हिशेब मांडून पाहू. एक हेक्टर जमिनीवर अडीच मीटर पाऊस म्हणजे पंचवीस हजार घनमीटर पाणी, अडीच कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर अडीच हजार टँकर, एका हेक्टरवर, एका पावसाळ्यात. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात हे पाणी जाते कुठे, हा प्रश्न घेऊन मी माजिवड्यातून दोन्ही दिशांना चालत गेलो. पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला खाडी. मध्ये जेमतेम काही किलोमीटरची उताराची पट्टी, आणि तिच्यावर आजचे ठाणे.

खाडीकडे मी ओहोटीच्या वेळी गेलो. साकेत आणि बाळकुमच्या बाजूला उल्हास नदीचा एक फाटा खाली कळव्याकडे येऊन ठाण्याच्या खाडीला मिळतो. मूळ प्रवाह वर घोडबंदरला वळसा घालून वसईच्या खाडीतून समुद्रात जातो. म्हणजे ठाणे शहराला दोन बाजूंनी भरतीचे पाणी आहे. पाणी उतरले की तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, मुळे उघडी पडतात. पेन्सिली टोके वर करून हजारोंनी चिखलात खोवून ठेवल्यासारखी ती दिसतात. तिवर त्यांतून श्वास घेतो, कारण खालच्या चिखलात हवा नाही. पान उलटसुलट करून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावले तर स्पष्ट खारट. मुळांनी आत आलेले मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो. कांदळाची रीत वेगळी, तो बरेचसे मीठ मुळाशीच अडवतो. चिखलावर निवट्या सरपटत होत्या, चिंबोऱ्यांची बिळे होती, आणि झाडांच्या बुंध्यांना भरतीने आणून सोडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या झिरमिळ्या.

मी तिथला ओंजळभर चिखल डब्यात घालून घरी आणला. वरचा पापुद्रा तपकिरी, त्याखालचा गोळा काळाकुट्ट, आणि वास कुजक्या अंड्यासारखा. त्याचे दोन भाग केले. एक वाटी खाडीच्याच पाण्याखाली बुडवून ठेवली, दुसरी गॅलरीत उन्हाला. आठवड्याभरात उन्हातला चिखल आक्रसला, त्याला भेगा गेल्या, काळा रंग जाऊन गंजासारखा तपकिरी आला आणि वास उडाला. पाण्याखालचा गोळा होता तसाच काळा राहिला. या लेखात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक या दोन वाट्यांत आहे, पण त्याआधी जमिनीखालच्या पाण्याकडे जायला हवे.

ठाण्याखाली दख्खनचा काळा कातळ आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून थिजले, त्यातून तो झाला. असा अखंड कातळ वाळूसारखा पाणी धरत नाही. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खाली कातळाच्या भेगांमध्ये, दोन थरांच्या सांध्यांमध्ये. म्हणून इथे एका बोअरला पाणी लागते आणि वीस पावलांवरची दुसरी कोरडी जाते. जुन्या लोकांच्या विहिरी मुरमातल्या पाण्यावर चालत. ते पाणी येऊरच्या झाडीत मुरायचे, उताराने सावकाश खाली सरकायचे, वाटेत तळ्यांना आणि विहिरींना भेटायचे आणि शेवटी खाजणाच्या, म्हणजे भरतीखाली जाणाऱ्या चिखलाच्या पट्टीच्या, काठाशी पाझरून खाडीला मिळायचे. उपवनचे तळे आजही डोंगराच्या पायथ्याशी आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग म्हणून टिकले, ही ठाण्याची मोठी पुण्याई. पण डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळांना शहरात शिरताच नाल्याचे नाव मिळते आणि काँक्रीटचे तळ व भिंती मिळतात. तळाला काँक्रीट आले की मुरणे संपले. जे पाणी खाडीपर्यंत महिनोन्‌महिने पाझरत पोहोचायचे, ते आता पावसाच्या एका सरीनंतर काही तासांत पोहोचते, सांडपाणी आणि कचरा सोबत घेऊन.

गोडे पाणी आणि खारे पाणी जमिनीखाली एकमेकांना रेटत असतात. खारे पाणी जड, गोडे हलके. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण एक हजार पंचवीस ग्रॅम भरते. या जराशा फरकातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घायबेन या डच अभियंत्याने आणि नंतर १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने एक नियम मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या भूजलाची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उलटे वाचले तर नियम भीती घालतो. उपशाने पातळी एक मीटर उतरवली की खालून खारे पाणी चाळीस मीटर चढायला मोकळे. हा नियम वाळूच्या किनाऱ्याला नेमका लागू पडतो. ठाण्याच्या भेगाळ कातळात तो इतक्या सरळपणे चालत नाही. तिथे खारे पाणी भेग सापडेल तसे घुसते, एका इमारतीला गाठते आणि शेजारचीला सोडते. पण दिशा तीच. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर भागात अतिउपशाने समुद्राचे पाणी जमिनीखालून कित्येक किलोमीटर आत आले, त्याला आता अर्धशतक झाले.

आणि पाणी बिघडायला फार खारेपणा लागतच नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे एकोणीस ग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, आणि दुसरा काही स्रोत नसेल तर चालवून घ्यायची कमाल मर्यादा १००० मिलिग्रॅम. शंभर पेले गोड्या पाण्यात समुद्राचे दोन पेले पडले की इष्ट मर्यादा ओलांडली. पाच पेले पडले की कमाल मर्यादेच्या उंबरठ्यावर. एकदा भेगांत शिरलेले मीठ धुऊन निघायला मग कित्येक पावसाळे लागतात.

या सगळ्यात खाजणाचे काम काय? इथे मला थोडे थांबून नीट बोलायचे आहे, कारण खारफुटीच्या प्रेमापोटी पुष्कळदा जास्तीचे सांगितले जाते. तिवरांचे जंगल भूजल भरत नाही. ज्या चिखलात ते उभे असते तो इतका बारीक कणांचा असतो की त्यातून पाणी जेमतेम झिरपते. पाऊस मुरवायचे काम डोंगराचे, तळ्यांचे आणि मोकळ्या मुरमाड जमिनीचे. खाजण वेगळे काम करते. त्याचा घट्ट चिखल गोडे आणि खारे यांच्यामध्ये बुचासारखा बसतो. भरतीचा जोर तिथे मोडतो, पाणी पसरते आणि परत फिरते. वरून येणारा गोड पाझर तिथे सावरतो. तो पाझर चिखलातला खारेपणा सौम्य ठेवतो, म्हणून झाडे उंच वाढतात. तो आटला की तिवर खुरटतो. खाजण भूजलाला राखते आणि भूजल खाजणाला. यातले कोणी कोणावर उपकार करत नाही, दोघांची गरज सारखी आहे. खाजणावर राडारोडा टाकून भराव केला, किंवा उलट बाजूने बोअरी खोल खोल नेल्या, तर बिघाड दोन्हीकडे होतो.

आपल्या पूर्वजांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाने जमीन धुऊन घ्यायची आणि तिच्यात खारे भात करायचे, ही शेती फार जुनी. अशा जमिनीला शिलोत्री हा धाऱ्याचा वेगळा प्रकार होता. बांधाला उघाडी असे: पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जाऊ देणारी आणि भरतीला मिटणारी दारे. उधाणाला बांधावर नजर ठेवायची, खांड गेली तर सगळ्या गावाने मिळून ती बुजवायची, हे काम कोणा एकाचे नव्हते. गोव्याच्या खाजणांत मानशीच्या दारांवर हाच कारभार गावकरी या ग्रामसंस्थेने चालवला. मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमिनींसाठी कायदे केले, कारभार सरकारकडे गेला, आणि गावाची नजर बांधावरून हळूहळू उठली. पेण-अलिबागच्या खारेपाटात जमिनीखालचे पाणी खारटच, म्हणून तिथे पावसाचे पाणी गावतळ्यात साठवायची रीत आहे. त्याच तळ्यांत जिताडा मासा वाढतो. खारेपाटाला आपल्या पायाखाली काय आहे ते कळत होते, म्हणून त्याने तळी जपली. ठाण्याच्या पायाखाली गोडे पाणी होते, म्हणून बहुधा जपायचे सुचले नाही.

आता माझ्या दोन वाट्यांकडे. पाण्याखालच्या वाटीत हवा पोहोचत नाही, म्हणून तिथली पाने, मुळे, काड्या पूर्ण कुजत नाहीत. त्यांतला कर्ब चिखलात अडकून राहतो, खाजणात त्यावर नवा गाळ बसतो, आणि असे शतकानुशतके चालते. डोंगरावरच्या जंगलात बराचसा कर्ब खोडात आणि फांद्यांत असतो. खारफुटीत तो मुख्यतः जमिनीखाली. डोनाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी-प्रशांत महासागरांच्या काठच्या खारफुटीचा २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की तिथे हेक्टरी सरासरी एक हजार टनांहून थोडा अधिक कर्ब आहे, आणि त्यातला निम्म्यापासून जवळजवळ सगळा मातीत. तो आकडा जसाच्या तसा ठाण्याला लावता येत नाही. ती जंगले जुनी, उंच आणि खोल चिखलाची. पण प्रमाणाचा धडा इथेही खरा: झाड हा कर्बाच्या ठेव्याचा वरचा, दिसणारा तुकडा आहे.

उन्हातल्या वाटीचा रंग बदलला त्याचे कारणही हेच. पाणी हटले, हवा शिरली. लोह आणि गंधक यांचे काळे संयुग गंजले, आणि त्यासोबत अडकलेला कर्बही जळू लागला, फक्त ज्योतीविना. एक टन कर्ब हवेत गेला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. खाजणातून चर खणून पाणी काढले, भराव करून त्याला भरतीपासून तोडले, किंवा काठाची भूजलपातळी उपशाने खाली नेली, की सबंध खाजण गॅलरीतल्या त्या वाटीसारखे वागू लागते. झाडे काही वर्षे उभी राहतात, उपग्रहाच्या चित्रात हिरवी दिसतात, आणि खालचा ठेवा उडत असतो. भूजल आणि कर्ब हे खाजणाचे दोन सुटे फायदे म्हणून मोजले जातात. मला ती मोजणीच चुकीची वाटते. चिखल ओला राहणे ही एकच गोष्ट आहे, आणि ती साधली तर दोन्ही मिळतात.

ओला कशाने, हेही तितकेच महत्त्वाचे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते आणि त्यावर जगणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना वरचढ ठरतात. म्हणून रोज भरती पोहोचणाऱ्या खाजणातून मिथेन कमी निघतो. रस्त्याच्या भरावाने भरतीचे तोंड बंद झाले आणि आत नाल्याचे सांडपाणी साचले, की ही राखण मोडते. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट ऊब धरतो. तेव्हा तुंबलेले, गोडावलेले, घाण खाजण हवेवर भार टाकू शकते. तिथे रोपे लावून उपयोग नाही. रस्त्याखालची मोरी मोकळी करून भरतीला पुन्हा आत घेणे आणि सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे, हाच उपाय.

पुनरुज्जीवन म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा एक ठरावीक दृश्य दिसते: टोप्या घातलेले लोक, रांगेत लावलेली रोपे, फलक. फ्लोरिडाच्या रॉबिन लुईस यांनी आयुष्यभर सांगितले की खारफुटी मेली असेल तर आधी पाण्याचे काय बिघडले ते शोधा. ते दुरुस्त केले तर बिया आपणहून येतात. तमिळनाडूत पिचावरमला एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखात्याबरोबर तेच करून दाखवले. तिथली जमीन मधोमध खचून पाणी साचत होते आणि आटून मीठ चढत होते. त्यांनी मासळीच्या काट्यासारखे मुख्य चर आणि तिरपे उपचर खणले, भरती-ओहोटी आत-बाहेर खेळती केली, आणि मग लागवड केली. ठाण्याला तर बियांची वानवा नाही. तिवराचे फळ झाडावरच अंकुर धरते, पावसाळ्यात गळते आणि भरतीवर तरंगत जागा शोधते. जागा मोकळी हवी आणि पाणी वेळेवर हवे.

एक इशारा इथेच द्यायला हवा. जिथे तिवर नाही अशी प्रत्येक जागा पडीक नसते. ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे सपाट पट्टे हे रोहित पक्ष्यांचे ताट आहे. एका हंगामात एक लाखाहून अधिक रोहित या परिसरात मोजले गेले आहेत. खाडीकाठच्याच बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी कित्येक वर्षे या खाडीचा चिखल, जीव आणि पाणी तपासले. खाडी गाळाने उथळ होते आहे आणि तिवरे त्या गाळावर आपणहून पुढे सरकत आहेत. तेव्हा सपाट पट्ट्यांवर रोपे लावणे हे पुनरुज्जीवन नव्हे. कोळीवाड्यातल्या बोक्शीचे जाळे लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याच्या लेखी चिखल, तिवर आणि खोल पाणी या तीन वेगळ्या जागा, आणि तिन्ही हव्यात.

कायद्याच्या बाजूने ठाण्याच्या खाडीला बरेच मिळाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, आणि भोवतालची पन्नास मीटरची पट्टीही राखायला सांगितली. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये खाडीत रोहित पक्षी अभयारण्य झाले, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेले. त्या स्थळाचे क्षेत्र ६५२१ हेक्टर. हे सगळे लढून मिळवलेले आहे आणि त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण या सगळ्यात राखले आहेत ते खाडीचे काठ. काठाला पाणी पुरवणारा ओहोळ, काठामागची विहीर, मुरमाडाचा उघडा तुकडा यांना ते संरक्षण नाही. शिवाय सार्वजनिक प्रकल्पासाठी न्यायालयाची परवानगी मिळू शकते. बुलेट ट्रेनसाठी ती डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी रस्त्याची आखणी माजिवड्याच्या दारातून जाते. त्या रस्त्याच्या बाबतीत झाडे किती जाणार हा प्रश्न सगळे विचारतात. भरतीसाठी मोऱ्या किती, किती रुंद आणि कोणत्या पातळीवर, हा प्रश्न तितक्याच जोराने विचारायला हवा. झाडे परत येतात. चुकीच्या पातळीवर ओतलेली मोरी पन्नास वर्षे तशीच राहते.

वर कल्याण-डोंबिवलीतही पाण्याची हीच साखळी आहे. तिथल्या लोकांचे पिण्याचे पाणी उल्हास नदीचे, आणि तीच नदी थोडी खाली गेली की खाडी होते. मोठागाव, रेतीबंदर या काठांवर वर्षानुवर्षे रेती उपसली गेली. तळ खोल झाला की भरती अधिक आत चढते, काठ ढासळतात आणि काठाबरोबर तिवरेही. कल्याणचे आधारवाडी कचराक्षेपणस्थळ खाडीच्या अंगालाच होते. ते मे २०२१ मध्ये बंद झाले. पण तिथे इतकी वर्षे पडलेल्या कचऱ्याचा पाझर बंद होण्याची तारीख कोणी जाहीर करू शकत नाही. खाजणाकाठी कचरा टाकणे ही दोन्ही शहरांची जुनी सवय, आणि तिचा हिशेब विहिरींत लिहिला जातो.

माझे म्हणणे इतकेच. माजिवड्याच्या खाडीचे पुनरुज्जीवन खाडीवर सुरू होत नाही. ते सुरू होते येऊरच्या पायथ्याशी, जिथे ओहोळाला काँक्रीटचा तळ मिळतो तिथे. मग उपवन आणि इतर तळी, मग सोसायटीच्या आवारातली बुजवायला काढलेली विहीर, मग नाल्यातले सांडपाणी, मग रस्त्याखालची मोरी, आणि सर्वांत शेवटी रोप. आपण हा क्रम उलटा धरला आहे, कारण रोपाचा फोटो निघतो आणि मोरीचा निघत नाही.

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत तुमच्या सोसायटीत बोअर किंवा विहीर असेल, तर एक काम करा. मे महिन्याच्या अखेरीला आणि पुन्हा ऑक्टोबरात पाण्याची पातळी दोरीने मोजा, क्षार मोजायच्या छोट्या मीटरने पाण्यातले क्षार पाहा, आणि दोन्ही आकडे तारखेसह सोसायटीच्या वहीत लिहा. असा मीटर बाजारात काहीशे रुपयांत मिळतो. पाच वर्षे हे केलेत, तर तुमच्या पायाखाली गोडे पाणी चढते आहे की खारे, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. आणि उद्या खाडीकाठच्या एखाद्या कामावर हरकत नोंदवायची वेळ आली, तर हातात वही असेल.